खिडकीची केबिन

त्या फेरीबोटीच्या काउंटरवर मी ओरडले, त्याची मला आजही लाज वाटत नाही. लाज वाटते ती पहिल्याच झटक्यात न ओरडल्याची.

बाबा तीन महिन्यांच्या व्हिसावर माझ्याकडे जर्मनीत एर्लांगेनला आले होते. त्यांची सगळी नोकरी मालवाहू जहाजांवर, इंजिन रूममध्ये यंत्रांना तेलपाणी करणारा ऑइलर म्हणून झाली. आता निवृत्त होऊन रत्नागिरीला असतात. माझ्या लहानपणी ते वर्षातले नऊ-दहा महिने समुद्रावर असायचे आणि बंदराबंदरांतून पत्रं पाठवायचे. इटलीतल्या जिनोआहून आलेलं पत्र चांगलं चार पानी होतं. चढाच्या अरुंद गल्ल्या, दीपगृह, चौकातला मासळीबाजार. ते मी शाळेत वर्गापुढे वाचून दाखवलं होतं. म्हणून ठरवलं, बाबांना जिनोआहून बार्सिलोनाला फेरीनं न्यायचं, प्रवासी म्हणून. दोन महिने आधीच खिडकीची केबिन बुक केली. इंजिन रूमला खिडकी नसते, एवढंच डोक्यात होतं.

जिनोआत एक दिवस राहिलो. "बाबा, तुमचा मासळीबाजार दाखवा ना," मी म्हटलं. ते चौकात उभे राहून इकडेतिकडे बघत राहिले. "सगळं बदललंय गं," म्हणाले. वयानं विसरले असतील, असं मी धरून चालले.

दुसऱ्या दिवशी दुपारी फेरीवर चढलो. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, केस पाणी लावून चापून बसवले होते. काउंटरवरच्या मुलीनं आमचं बुकिंग पाहिलं, आम्हा दोघांकडे पाहिलं आणि इंग्रजीत म्हणाली, "सॉरी, खिडकीच्या केबिन्स भरल्यात. तांत्रिक अडचण आहे. ही खालची घ्या."

"कसली अडचण?"

"तांत्रिक."

बाबा मागून म्हणाले, "घे गं. एका रात्रीचा तर प्रश्न आहे."

मी त्या केबिनचं कार्ड घेतलं. इथेच चुकलं माझं.

बाजूला होऊन कार्डावरचा नंबर बघत होते. आमच्यामागे एक वयस्कर जर्मन जोडपं होतं. त्यांच्याशी ती मुलगी जर्मनमध्ये, हसून बोलली. "तुमचं बुकिंग आतल्या केबिनचं आहे, पण मी तुम्हाला खिडकीची देते. आज भरपूर जागा आहे."

आम्हाला जर्मन कळणार नाही, हे तिनं आमच्या चेहऱ्यांवरूनच ठरवून टाकलं होतं. सात वर्षं मी रोज याच भाषेत मीटिंगांमध्ये भांडते. मी तशीच मागे फिरले आणि जर्मनमध्येच विचारलं, "आत्ता जागा नव्हती ना?"

तिचा चेहरा क्षणभर पडला. मग तिनं ते वाक्य काढलं, "बेरुहिगेन झी झिश, बिटे." कृपया शांत व्हा. हे वाक्य मी घरमालकाकडून ऐकलंय, बसच्या रांगेत ऐकलंय, आणि दर वेळी आवाज चढवायच्या आधी ऐकलंय. जर्मन गृहस्थ खिशात हात घालून म्हणाले, "हे बघा, यात आमचा काही दोष नाही." त्यांची बायको मात्र ओशाळली. तिनं आपलं कार्ड बाबांपुढे धरलं.

आणि बाबांनी काय करावं? दोन्ही हात जोडले, हसले, "नो नो मॅडम, वुई आर ओके," म्हणाले आणि बॅग उचलून खालच्या जिन्याकडे चालायला लागले.

खालच्या केबिनमध्ये भिंती थरथरत होत्या. मी बॅग आपटली. "ती बाई स्वतःहून देत होती! का नाही घेतलंत? असं किती दिवस हसत राहणार आहात?"

ते बर्थच्या कडेवर बसले. मग म्हणाले, "मी जिनोआत कधी उतरलोच नव्हतो."

"म्हणजे?"

"सहा वेळा आलो असेन. ऑफिसर उतरायचे. आम्हाला कधी उतरायचा पास नाही, कधी काम काढून ठेवलेलं. थर्ड इंजिनियर फिरून यायचा, मेसमध्ये सांगायचा. तेच मी लिहायचो. तू वाट बघायचीस पत्राची."

"आणि तुम्ही काही बोलला नाहीत?"

"एकदा बोललो. कॅप्टनपर्यंत गेलो. पुढचं दीड वर्ष मला बोट मिळाली नाही. मग नाही बोललो."

मला रडू यायला हवं होतं. आला तो संताप. त्या कॅप्टनचा, काउंटरवरच्या मुलीचा, दीड वर्ष घरात बसून एक अक्षर न बोललेल्या या माणसाचाही. "इथेच थांबा," म्हटलं आणि वर गेले.

काउंटरवर कार्ड आणि बुकिंगचा कागद ठेवला. "तुमच्या वरिष्ठांना बोलवा. तोवर मी इथून हलणार नाही."

"शांत व्हा, प्लीज."

"नाही. मी शांत होणार नाही!"

सगळी लॉबी वळून बघायला लागली. पांढऱ्या शर्टातले एक गृहस्थ आले, त्यांनी स्क्रीन पाहिली आणि एक शब्द न विचारता ड्रॉवरमधून दुसरं कार्ड काढून दिलं. "गैरसमज झाला," म्हणाले. जर्मन जोडप्याला उठवावं लागलं नाही, कोणालाच लागलं नाही. केबिन रिकामीच पडून होती. कसला गैरसमज ते लेखी द्या म्हटलं, तर ईमेल करा म्हणाले. मी केला. आठवड्यानं उत्तर आलं. अभिप्रायाबद्दल माझे आभार मानले होते.

बाबांना म्हटलं, "बॅग उचला, वर जायचंय."

"कशाला वाद घातलास? काही केलं असतं तर त्यांनी?"

"काय करणार होते? समुद्रात टाकणार होते?"

ते निमूट आले. नव्या केबिनमध्ये खिडकीसमोर किती तरी वेळ उभेच राहिले. मी इतकी तापलेली होते, की मला समुद्राकडे बघावंसंही वाटलं नाही.

सकाळी बार्सिलोना आलं. बाबा माझ्याआधी बूट घालून तयार होते. धक्क्यावर उतरले आणि चालायला लागले. जुन्या गल्ल्या, बाजार, समुद्रकिनारा. कॉफीला बसू म्हटलं, तर "तू बस" म्हणाले आणि पुढे गेले. दुपारी चारच्या सुमारास त्यांचे पाय सुजले. ते लंगडत होते.

"बाबा, बास झालं आता. हॉटेलवर जाऊ."

ते गर्रकन वळले. माझ्या उभ्या आयुष्यात त्यांनी माझ्यावर आवाज चढवलेला मला आठवत नाही.

"मला थांबवू नकोस!"

रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. त्यांनी कोणाकडे पाहिलं नाही. मी त्यांच्या खांद्यावरची बॅग काढून घेतली आणि मागोमाग चालायला लागले.