ॲटलास, बहुतेक

माझी बदली मोखाड्याच्या पुढे एका आरोग्य उपकेंद्रावर झाली तेव्हा नवरा नाशकात नोकरीला होता आणि मुलगी पुण्यात शिकत होती. क्वार्टरमध्ये मी एकटीच. लसी, गोळ्या, वजनं यांचं बोलणं सोडलं तर कुणाशी चार वाक्यं होत नसत.

ऑगस्टमधल्या एका सकाळी दार उघडलं तर भिंतीवर पतंग बसलेला. माझा अख्खा पंजा झाकेल एवढा, विटकरी, पंखांवर काचेसारखे तिकोनी ठिपके. फोटो काढून नाशिकच्या ओळखीच्या एका निवृत्त प्राध्यापकांना पाठवला. त्यांचा लगेच फोन आला.

"मादी आहे. ॲटलास, बहुतेक."

"बहुतेक का?"

"हिच्या अगदी जवळची एक जात दक्षिणेत आणि श्रीलंकेत आहे. दोघी इतक्या सारख्या, की नुसत्या फोटोवरून छातीठोक सांगवत नाही. पण तुमच्या भागात ॲटलासच."

"धोक्यात आहेत का?"

"माझ्या माहितीत दोघींचीही नीट मोजणी कुणी केलेली नाही. भरपूर आहेत म्हणायला आधार नाही, संपत आल्यात म्हणायलाही नाही."

तिला खायला तोंडच नसतं, नर येईपर्यंत ती एका जागी बसून राहते, असंही त्यांनी सांगितलं. माझ्या मदतीला येणाऱ्या आशाताई बघून म्हणाल्या, "आमच्या पाड्यावर जांभळीला यांचे कोष लटकायचे, मॅडम. आता नाय दिसत."

तिसऱ्या दिवशी तिने भिंतीवरच अंडी घातली आणि दोन दिवसांनी मरून खाली पडली. अंडी हलकेच सोडवून मी डब्यात ठेवली. अळ्या निघाल्या तर उपाशी राहू नयेत म्हणून रोज जांभळीची ताजी पानं घालायची. पाड्यांवरची फेरी आटपून परत यायला पहिल्यांदाच घाई व्हायला लागली.

तीन आठवडे गेले. अंडी चेपली, सुकली.

"नर आलाच नसणार. नराशिवायही ती अंडी घालते, पण ती फळत नाहीत," प्राध्यापक म्हणाले. "आसपास असायला तर हवा."

डबा मी जांभळीखाली रिकामा केला. संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. काय विशेष, म्हणाला.

"काही नाही," मी म्हटलं. सांगायचं तर पहिल्यापासून सांगावं लागलं असतं, आणि रेंज तर मधेच जात होती.