अंगठ्याखालचे चार ठिपके

माझ्या विद्यार्थिनीने, स्वातीने, आलेखातल्या पहिल्या चार ठिपक्यांवर अंगठा ठेवला आणि उरलेले ठिपके शहाण्यासारखे एका रेषेत आले.

संगणकात घडवलेला प्रोटॉन सुरुवातीला खवळलेला असतो. तो निवला की मोजायचा. फार थांबलं तर आकड्यांच्या गोंगाटात तोच हरवतो. म्हणून पहिली काही मोजमापं सोडायची. किती, ते त्याच्या निवण्यावरून ठरवायचं, आपल्याला हव्या असलेल्या उत्तरावरून नव्हे.

“चारच का गं?” मी विचारलं.

“पाच झाकले की प्रयोगशाळेत मोजलेल्या उत्तरापासून आपण लांब जातो, मॅडम. तुमच्या शोधनिबंधातही चारच सोडलेत ना.”

निबंधात मी त्याचं कारण दोन परिच्छेद भरून लिहिलं होतं. खरं कारण ती एका वाक्यात बोलून गेली. मी माझा अंगठा मुठीत मिटून घेतला.