परण्याची चाल
चिंचेच्या कोळानं पितळ घासल्याचा वास आला, की सणसरची ती दुपार आठवते. माझे चुलते, तात्या, बँडवाले. दुसऱ्या दिवशीच्या लग्नासाठी ते ओसरीवर ट्रम्पेट घासत होते आणि मी शेजारी बसलो होतो. तेवढ्यात त्यांच्या मुलीचा व्हिडिओ कॉल आला. ती इंग्लंडात समुद्रकाठच्या एका गावात नर्स आहे. “तात्या, हितला बँड ऐका, लई जुना हाय,” असं म्हणून तिनं फोन फिरवला. करडा समुद्र, गोल छपराखाली लाल कोटातली माणसं. त्यांनी सुरुवात केली आणि तात्यांच्या हातातलं फडकं गळून पडलं. नवरदेव परण्याला, म्हणजे लग्नाच्या वरातीला, घोड्यावर बसला, की तात्या वाजवायचे तीच ही चाल, बँडच्या उस्तादांकडून शिकलेली. तिथं मात्र ती फार संथ होती आणि लोक टोप्या काढून, माना खाली घालून उभे होते. “कुणाचं लगीन हाय गं?” तात्यांनी विचारलं. “लगीन न्हाय, तात्या. बुडालेल्या माणसांसाठी वाजवत्यात. मयताची चाल हाय ती.” तात्या पांढरेफटक पडले. म्हणाले, “तुझ्या लग्नात मीच वाजवली की.” तिचा नवरा लग्नानंतर वर्षभरातच गेला होता. माझ्याही परण्याला तीच वाजली होती आणि आमचा संसार चांगला चाललाय, हे मी तात्यांना अजून सांगतो. ते ऐकून घेतात. पण ट्रम्पेट त्या दिवसापासून नुसतं घासतात.