धुतलेल्या बाटल्या

पावसाच्या पाण्यातला सल्फेट, म्हणजे धुरातून आणि धुळीतून येणारा एक क्षार, मोजायचा तर पाऊस सुरू होताना कुणीतरी गच्चीवर हजर असावं लागतं, हे मला पुण्यात संशोधनाला आल्यावर कळलं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमच्या प्रयोगशाळेच्या गच्चीवर एक मोठं नरसाळं होतं, त्याच्याखाली बाटली आणि वर झाकण. पाऊस नसताना नरसाळं उघडं राहिलं तर त्यात धूळ बसते, आणि धुळीतला सल्फेट पावसाच्या नावावर जातो. म्हणून थेंब पडायला लागले की झाकण काढायचं, पाऊस थांबला की लावायचं. ते काम माझं. जून ते ऑक्टोबर मला कुठे जाता येत नसे.

सदाशिव पेठेत खोली घेऊन राहत होते. घरमालकीणबाई आठनंतर दार उघडत नसत. संध्याकाळी आभाळ भरून आलं की मी घड्याळ पाहत बसे. थांबले तर घराबाहेर राहायची पाळी, निघाले तर नमुना हुकणार. डबा बहुधा गच्चीच्या जिन्यातच खाल्ला जाई.

तिसऱ्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं आणि श्रावणात तिची पहिली मंगळागौर आली. मी सरांकडे दोन दिवसांची रजा मागितली. सर, म्हणजे माझे मार्गदर्शक, आवाज कधी चढवत नसत. चष्म्यावरून पाहत म्हणाले, "अर्ज माझ्याकडे नको. पावसाकडे द्या." मी गेले नाही. त्या दोन दिवसांत एक थेंब पडला नाही.

मोजण्याची रीत तशी सोपी होती. पाणी गाळायचं, थोडं आम्ल घालायचं, मग बेरियम क्लोराइड. सल्फेट असेल तर पाणी पांढुरकं होतं, आणि किती पांढुरकं झालं ते यंत्र सांगतं. विहिरीच्या पाण्यात चांगला दुधी रंग येई. हिंजवडी तेव्हा साधं गाव होतं. तिथल्या विहिरींचे नमुने आणायला मी एसटीनं जायची. एका मळ्यातल्या मावशी दर वेळी विचारायच्या, "पानी ग्वाड हाय की, मग तपासता कशाला?" पावसाच्या पाण्यात मात्र सल्फेट इतका कमी, की नुसत्या डोळ्यांनी धूसरपणाही दिसत नसे. तिथे जराशी भेसळ झाली तरी सगळं बिघडणार.

चौथा पावसाळा संपला. वडिलांनी पत्रात स्पष्ट लिहिलं होतं: या डिसेंबरात प्रबंध द्यायचा आणि घरी यायचं, एक स्थळ थांबलं आहे. माझे आकडे जुळत आले होते. फक्त शेवटच्या दोन पावसाळ्यांचे आकडे आधीच्या दोहोंपेक्षा जास्त दिसत होते. शहरात गाड्या वाढल्या, असं कारण मी लिहूनही टाकलं होतं.

रोज सुरुवातीला नुसतं ऊर्ध्वपातित पाणी तपासायचं असतं. त्यात सल्फेट नसतोच, त्यामुळे काही दिसता कामा नये. त्यासाठी एक जुनी बाटली कायम बाजूला ठेवलेली असे; तिच्यात दुसरं काही भरत नसल्यानं ती नुसत्या पाण्यानं विसळली जाई. ती एक दिवस माझ्या हातून फुटली. मी पावसाच्या बाटल्यांमधली एक, स्वच्छ धुतलेली, घेतली. यंत्राचा काटा हलला.

मी दुसरी बाटली घेतली, मग तिसरी. प्रत्येक वेळी तेच. तेव्हा लक्षात आलं. तिसऱ्या वर्षी काचेच्या नव्या बाटल्या आल्यापासून मी त्या क्रोमिक ॲसिडच्या नारिंगी द्रावणानं धूत होते. प्रयोगशाळेतली काचेची भांडी लख्ख करायला तेच वापरायची पद्धत होती. त्यात सल्फ्युरिक ॲसिड असतं, म्हणजे सल्फेटच. कितीही विसळलं तरी काचेला थोडं चिकटून राहत असणार. दोन वर्षं मी पाऊस नाही, माझी धुलाई मोजत होते.

आठ दिवस कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर पुन्हा गच्ची, आणि घरचे वाट पाहणार नाहीत. न सांगावं, तर ही गोष्ट माझ्याशिवाय कुणालाही माहीत नव्हती. प्रयोगशाळेतून खोलीवर आणि खोलीवरून प्रयोगशाळेत चालताना एवढंच डोक्यात फिरायचं. नवव्या दिवशी मी वही नेऊन सरांपुढे ठेवली.

सरांनी आकडे दोनदा पाहिले. मग म्हणाले, "ही दोन वर्षं गेली." विहिरींच्या पाण्यात सल्फेट भरपूर, तिथे एवढ्या चुकीनं फरक पडत नाही, ते आकडे राहतील. पावसाचा मात्र आणखी एक हंगाम घ्यावा लागेल, असं त्यांनी समजावलं. मी तसं घरी कळवलं. चार दिवसांत वडील मला न्यायला आले.

ते थेट प्रयोगशाळेतच आले आणि माझ्या स्टुलावर बसले. शाळामास्तर माणूस. मी त्यांच्यासमोर धुतलेल्या बाटलीतल्या पाण्याची तपासणी करून दाखवली. काटा हलला.

"चूक कुणाची?" त्यांनी विचारलं.

"माझी. बाटल्या मीच धुतल्या," मी म्हणाले.

सर दारात येऊन उभे होते, ते मला दिसलंच नव्हतं. ते म्हणाले, "पद्धत मी शिकवलेली. यांनी सांगितल्याप्रमाणे केलं. चूक माझी आहे." सरांनी स्वतःची चूक कबूल केलेली मी पहिल्यांदाच ऐकली.

वडिलांनी सरांना नमस्कार केला. मला बाहेर नेऊन चहा पाजला. "एक पावसाळा. त्यापुढे नाही," एवढंच बोलले आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेले.

ते स्थळ थांबलं नाही. आईनं पत्रातून पुष्कळ दुःख केलं, मला फारसं वाटलं नाही. पण पाचव्या पावसाळ्यात गच्ची काही सुटली नाही. जिन्यात बसून भिंतीवरची ओल वाढताना पाहायची, आणि आपलं वय कुठे चाललंय ते मनात येऊ द्यायचं नाही. कधी कधी इतकं कोंडल्यासारखं होई, की पाऊस चालू असतानाच मी उठून गच्चीवर भिजत उभी राही.

प्रबंधात वगळलेल्या दोन वर्षांबद्दल मी पानभर खुलासा लिहिला होता. सरांनी तो खोडून दोन ओळींवर आणला: बाटल्या कशानं धुतल्या, आणि आकडे का सोडले. बांधलेली प्रत नेली, तेव्हा त्यांनी आधी ते पान उघडून वाचलं आणि मग सही केली.