हैदराबादला कोण चाललंय

हैदराबादची बदली मला आली होती. हे आधीच सांगून टाकते, कारण गावाला ते कळायला बराच वेळ लागला.

मी लोणंदच्या एका खाद्यपदार्थांच्या कंपनीत माल तपासायच्या विभागात आहे. साताऱ्याजवळच्या आमच्या गावातून रोज जाऊन-येऊन करते. कंपनीने विचारलं, हैदराबादच्या नव्या युनिटमध्ये त्या विभागाची प्रमुख म्हणून जाल का? महिनाअखेरपर्यंत उत्तर द्यायचं होतं. मला ते पद हवंच होतं. माझ्यानंतर लागलेली पोरं एकेक करून साहेब होताना बघून माझं डोकं फिरलं होतं. पण लेक तीन वर्षांची. तिला ठेवून जाणं मला शक्य नव्हतं, आणि परक्या गावात तिला एकटीनं सांभाळून नोकरी करणंही शक्य नव्हतं. म्हणजे घोडं पेंड खात होतं ते नवऱ्यापाशी.

नवरा घरचा ऊस बघतो आणि लोकांच्या रानात ठिबक बसवून देतो. माणूस चांगला आहे, पण कुठल्याही प्रश्नाला "बघू" म्हणतो. मला बघायला तो सांगलीला, विश्रामबागेतल्या आमच्या घरी आला होता, तेव्हा मुलगी पसंत आहे का विचारल्यावरही हेच म्हणाला. माझे वडील अजून ते विसरलेले नाहीत. हैदराबादचं विचारलं तर परत तेच.

सासरे फौजेतून सुभेदार होऊन आलेले. त्यांच्या लेखी ऑर्डर आली की ट्रंक भरायची, त्यात चर्चा कसली. फक्त ऑर्डर सुनेच्या नावानं आली तर ट्रंक कुणी भरायची, हे त्यांच्या नियमात कुठं बसेना. म्हणून ते पेपर वाचत बसले. सासूबाईही काही बोलल्या नाहीत. सासरे जम्मूपासून आसामपर्यंत फिरले, त्या सगळ्या वर्षांत त्या इथंच होत्या, म्हशी, रान आणि लेकरं सांभाळत. आता नातीला त्या कशाला सोडतायत, असं मी धरूनच चालले होते.

अशात नवरा मित्रांजवळ बोलून गेला की आमचं हैदराबादचं चाललंय. नोकरी कुणाची, ते त्यानं सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. दोन दिवसांनी मी कामावर निघाले, तर एसटीच्या थांब्यावर भला मोठा फ्लेक्स. 'हैदराबाद येथे उच्च पदावर निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' मधोमध माझा नवरा, गॉगल लावलेला, चुलतभावाच्या वरातीतला फोटो. खाली शुभेच्छुकांची रांग. त्यात सासरे होते, आमची लेकसुद्धा होती, दोन बोटं वर करून. माझं अभिनंदन नव्हतं ते सोडा, मी शुभेच्छुकांतही नव्हते.

घरी येऊन मी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. नवऱ्यानं मित्रांना खरं काय ते सांगितलं. मित्रांचं म्हणणं पडलं, आता छापून झालंय, सत्कारही ठरलाय, वहिनींनी मन मोठं करावं. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, अशातली गत. मी अजून कंपनीला होकार कळवला नव्हता आणि शेजारणी नवऱ्याला बोलावून निरोपाची पुरणपोळी खाऊ घालत होत्या. आणि हा खात होता.

सत्कार देवळासमोर झाला. थंडी मी म्हणत होती. नवऱ्याला फेटा बांधला, शाल घातली, नारळ दिला आणि दोन शब्द बोल म्हणून माईक हातात दिला. मी बायकांत सासूबाईंशेजारी बसले होते. हा आता परत "बघू" म्हणाला तर उठून थेट सांगलीची गाडी धरायची, असं मी ठरवलं होतं. त्यानं नारळ काखेत धरला. मग म्हणाला, "निवड माझी न्हाई झाली. हिची झालीया."

माईक चालू होता, त्यामुळे ते वरच्या आळीपर्यंत गेलं. मग मागून एका म्हाताऱ्यानं साधा प्रश्न विचारला, "मग तू काय करणार रं?"

इतके दिवस मी हेच विचारत होते. नवऱ्यानं माईक या हातातून त्या हातात घेतला.

तेवढ्यात माझ्याशेजारून सासूबाई उठल्या. पदर सारखा केला आणि माईकशिवायच बोलल्या, "त्यो जाईल बायकोसंगं, पोरीला घिऊन. मागं राहायचं लय अवघड असतंय. मी राहिलीया. ह्येला झेपायचं न्हाई."

लोक हसले. नवराही हसला आणि माझ्याकडे बघून त्यानं मान हलवली. हा होकारच होता, मला कळतो. सासूबाई परत माझ्याशेजारी बसल्या.

सासरे तेवढे हसले नाहीत. पहिल्या रांगेतून उठले, लेकाच्या खांद्यावरची शाल काढली आणि बायकांकडे चालत आले. मला वाटलं, चला, उशिरा का होईना, माझा सत्कार. मी सावरून बसले. त्यांनी शाल सासूबाईंच्या मांडीवर ठेवली. "घे. गारठा हाय," एवढंच म्हणाले, तेही दुसरीकडे बघत.

सासूबाईंनी ती शाल डोक्यावरून घेतली, तोंड दिसेनासं होईपर्यंत. त्या महिन्यात पहिल्यांदाच मला कशाचाही राग आला नाही.