फ्लेक्सवर मी थेट राजदूत!

मंडळी, घाईघाईत लिहितेय, टायपिंगच्या चुका पोटात घाला.

आज दुपारी पुण्याहून मिरजगावला उतरले, तर स्टँडसमोर माझाच फोटो! दहावीतला, दोन वेण्यांचा, भल्यामोठ्या फ्लेक्सवर. खाली लिहिलेलं, ‘भारताच्या राजदूतपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. त्याखाली गॉगल लावलेले शुभेच्छुक.

अहो, माझा नुसता एमएला नंबर लागलाय! आंतरराष्ट्रीय अभ्यास हा विषय. अजून एक तास बसले नाही वर्गात.

रसवंतीवाले काका मला बघून चक्क उठून उभे राहिले. मला रडावं की पळावं कळेना.

तणतणत घर गाठलं. अण्णा, म्हणजे माझे वडील, गोठ्यात वैरण टाकत होते.

"अण्णा, कुणी लावला तो फ्लेक्स?"

"मीच लावला."

"अहो, पण मी राजदूत नाहीये!"

"मला ठाव हाय की," अण्णा मान वर न करता म्हणाले. "तुझ्या आत्यानं ह्या ऐतवारी तुला बघायला पाव्हनं बोलावलं हुतं. त्यांनी फ्लेक्स बघितला आन् आपणहून नको म्हनले. येवढी मोठी पोरगी त्यांना पेलायची न्हाई. आता दोन वर्सं कोन दारात येत न्हाई. तू शिक."

मी पिशवी खाली ठेवली आणि अण्णांबरोबर वैरण टाकू लागले.

उद्या शाळेत माझा सत्कार ठेवलाय. खरं सांगितलं तर आत्या पाव्हणे घेऊन हजर होईल. माझ्या जागी तुम्ही असता, तर माइक हातात आल्यावर काय बोलला असता?