साळवेबाईंची चिनी

"चिनी कशाला शिकता?" असं कोणी विचारलं की साळवेबाई आधी हातातला डबा बंद करत. मग शांतपणे म्हणत, "जर्मन शिकणाऱ्या साहेबाच्या पोराला विचारलंत का कधी, कशाला म्हणून? की बुवापाड्याच्या वस्तीतली बाई शिकते म्हणून विचारताय?" विचारणारा पुन्हा त्यांच्या टेबलाकडे फिरकत नसे.

अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात त्या प्रयोगशाळेत मदतनीस होत्या. काचेची भांडी धुणं हे त्यांचं काम. मी ऑफिसात टायपिस्ट. दुपारी कॅन्टीनमध्ये आम्ही शेजारी बसायचो. जेवण झालं की त्या गणिताची चौकटींची वही काढत आणि एकेका चौकटीत एकेक अक्षर बसवत. "आधी आडवी रेघ, मग उभी. क्रम सोडला की अक्षर लंगडतं."

मला त्यांनी खरं कारण सांगितलं होतं. "बुद्धाचे कितीतरी ग्रंथ आपल्याकडे नाहीसे झाले, शुभा. चिनीत उरलेत. मला कोणी सांगितलेलं नकोय. स्वतः वाचायचंय." फोर्टातल्या फुटपाथवर इंग्रजीतून चिनी शिकवणारं दोन भागांचं पाठ्यपुस्तक त्यांना मिळालं होतं. इंग्रजीही बेताचंच, म्हणून एका हाताशी शब्दकोश. उच्चारांपाशी मात्र गाडी अडायची. "एकच 'मा'. सूर बदलला की आईचा घोडा होतो. माझी आई झाली की घोडा, हे सांगणारा माणूस या गावात नाही." दोन वर्षं घासल्यावर त्यांना कळलं, की जुन्या ग्रंथांची चिनी वेगळी आणि अक्षरंही वेगळी. त्या दिवशी त्यांनी पुस्तक टेबलावर आदळलं. पुढच्याच महिन्यात तिसरं पुस्तक आणलं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कारखान्यात चीनहून माल वाळवायचा एक ड्रायर आला. सोबत जाडजूड चिनी पुस्तिका आणि दोन पानांचं तोडकंमोडकं इंग्रजी. पुस्तिका रद्दीत जायच्या आत बाईंनी मागून घेतली. तीन आठवडे त्या तिच्यावर खपल्या. एका पानावर लाल अक्षरांत लिहिलं होतं: झाकण उघडण्यापूर्वी नुसत्या दाबाच्या काट्यावर विसंबू नये, बाजूचा व्हॉल्व्ह उघडून आतला दाब सोडावा. इंग्रजी पानांत हे नव्हतंच. बाईंनी त्याचं मराठी केलं, मी ते टाइप केलं, आणि त्या ते घेऊन प्रॉडक्शनच्या साहेबांकडे गेल्या.

"भांडी धुणारी बाई आता आम्हाला मशीन शिकवणार?" साहेब हसले. कागद टोपलीत गेला. मी दारातच उभी होते.

बाईंनी मग ऑपरेटरला, रघुनाथला, तोंडी सांगितलं. तो त्यांच्याच चाळीतला. पंधरा दिवस त्याने आठवणीने व्हॉल्व्ह उघडला. सोळाव्या दिवशी माल तुंबला होता. फोरमन ओरडला, "काटा शून्यावर आहे ना? मग टाइम कशाला खातोस? खोल." रघुनाथने झाकण उघडलं. ते त्याच्या छातीवर आलं. इस्पितळात पोचेपर्यंत तो गेला होता.

कंपनीने अहवाल केला. त्यातलं एक वाक्य मला अजून पाठ आहे: 'सूचनापुस्तिका चिनी भाषेत असल्याने ती वाचणे कारखान्यातील कोणासही शक्य नव्हते.' पाठ असणारच. ते मीच टाइप केलं.

बाई माझ्या टेबलापाशी आल्या. "हे तू टाइप केलंस?"

"साहेबांनी सांगितलं."

"आणि माझा कागद कोणी टाइप केला होता?"

मी मशीनमध्ये नवा कागद चढवला. कारखाना निरीक्षकाकडे त्या स्वतः तक्रार करणार होत्या. त्या कागदाची साक्ष म्हणून त्यांना माझी फक्त एक सही हवी होती. घरी विचारते म्हणाले. घरच्यांनी नको म्हटलं, आणि मला बरं वाटलं. हे लिहितानाही स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

त्या एकट्या गेल्या. निरीक्षकाने मुंबईहून चिनी जाणणारे एक प्राध्यापक बोलावले आणि बाईंना ते पान वाचायला लावलं. कंपनीचे साहेब समोर बसले होते. प्राध्यापक म्हणाले, "उच्चार बहुतेक सगळे चुकीचे आहेत. अर्थ एकही चुकलेला नाही." अहवालातलं ते वाक्य काढावं लागलं. रघुनाथच्या बायकोला भरपाई मिळाली. बाईंची मात्र गोदामात बदली झाली, आणि सहा महिन्यांनी 'गरज नाही' म्हणून त्यांना काढलं. साहेब बढती मिळून हेड ऑफिसला गेले. साहेबांच्या निरोप समारंभातलं त्यांच्या कामसूपणाचं भाषणही मीच टाइप केलं.

पुढे बाई उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये एका सिंधी शेटच्या कापडाच्या दुकानात काम करत असल्याचं कळलं. एकदा मुद्दाम गेले. माफी मागितली. त्या थानाची घडी घालत म्हणाल्या, "माझी कशाला मागतेस? माझं काय गेलं? रघुनाथच्या बायकोकडे जा. चाळ माहीत आहे तुला."

मी गेले नाही.

दोन वर्षांनी बाई वारल्या. मी गेले तेव्हा बुवापाड्यात त्यांच्या घरी बुद्धवंदना चालू होती. दाराशी बसलेल्या एका बाईने विचारलं, "तुम्ही ताईंच्या कोण?"

"कंपनीत होते. बरोबर."

"मी रघुनाथची बायको," ती म्हणाली, आणि सरकून तिने मला शेजारी जागा करून दिली. मी उभीच राहिले.